'जमलं तर'

प्रश्न : ताई, माझं वय 43. गेली 19 वर्षं एका कार्यालयात हिशेबाचं काम करते. माझ्या भाच्याला जन्मापासून ऐकू येत नाही. तो मला काही सांगायला आला की त्याची आई मध्ये बसून अर्थ सांगते. मला सांकेतिक भाषा नीट शिकायची आहे, जमलं तर पुढे दुभाषी व्हायचं आहे. तीन वर्षं नुसतं ठरवतेय. आधी मुलीची परीक्षा होती, मग सासऱ्यांचं आजारपण आलं, आता कामाची जबाबदारी वाढली आहे. यजमान नाही म्हणत नाहीत, 'बघ, जमलं तर' म्हणतात. माझं आयुष्य माझ्या हातात कधी येणार?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. जागेअभावी इथे ते थोडक्यात छापलं आहे. मूळ पत्रात 'जमलं तर' पाच वेळा आहे. त्यातलं एक यजमानांचं, बाकीचे चार तुमचे. पत्रावरची तारीखही दोनदा खोडलेली आहे : आधी 3, मग 17, शेवटी 29. सव्वीस दिवस लागले, पण पत्र टाकलंत, आणि तेही कुणाला न विचारता. मला त्याचं फार बरं वाटलं.

तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. तुम्ही विचारताय, म्हणून समोरचा उत्तर देतोय. 'शिकू का?' असं विचारलं की 'बघ' हेच ऐकू येणार. त्याऐवजी 'मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसात ते साडेआठ माझा वर्ग आहे, तेवढा वेळ बाबांकडे तुम्ही बघा' असं सांगून बघा. सासऱ्यांचं आजारपण ही सबब नाही, ते खरंच आहे. पण आठवड्यातले दोन तास त्यांच्याजवळ त्यांचा मुलगा बसू शकतो.

अर्धवट सोडलेली पदवी मी छत्तिसाव्या वर्षी पुन्हा हातात घेतली. पहाटेचा एक तास अभ्यासाचा ठरवला आणि पहिल्याच आठवड्यात हाक आली की उठत राहिले. मग वहीच्या समासात, उठले की एक रेघ मारायला लागले. शेजारी कारणही लिहायचे : मोजे, किल्ली, 'आई, पेन कुठंय?'. पंधरा दिवसांत बावीस रेघा झाल्या, आणि त्यातल्या दोनच कामांना खरोखर तासभर थांबता आलं नसतं. ती वही मी घरच्यांना दाखवली. वाद घालावा लागला नाही.

वार आणि वेळ सांगा, असा आग्रह मी उगीच धरत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांचं कामच यावर आहे. नुसतं ध्येय ठरवण्यापेक्षा कधी, कुठे, कसं करणार हे आधी पक्कं केलं, तर ते पार पडण्याची शक्यता वाढते. 2006 मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्यासोबत अशा 94 चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हाही हा फरक ठळक दिसला.

आणि एखादा शुक्रवार बुडाला, तर सगळं बुडालं असं समजू नका. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला होता. सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस, तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. त्या सवयी साध्या होत्या, रोज पाणी पिण्यासारख्या. भाषेला त्याहून वेळ लागेल, तेवढी तयारी ठेवा.

दुभाषी होणं हे काही वर्षांचं काम आहे, ते तूर्त बाजूला ठेवा. भाच्याशी दहा मिनिटं बोलायचं, त्याची आई मध्ये न बसता, एवढंच आधी धरा. शिकवणारी व्यक्ती शक्यतो स्वतः कर्णबधिर असावी. पुस्तकातल्या हातांच्या चित्रांवर ही भाषा येत नाही, तिचं व्याकरण चेहऱ्यावरही असतं. अनेक सांकेतिक भाषांमध्ये नुसत्या भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. आणि सराव भाच्याबरोबरच करा. चुकलात तर तो हसेल, मग तुमचे हात धरून बरोबर करून देईल. त्यालाही मावशीला काही शिकवायला मिळू दे.

पुढच्या पत्रात मला फक्त वार आणि वेळ कळवा. तारीख खोडलेली असली तरी चालेल.