दुधात अननस कडू का होतो आणि एन्झाइमच्या खिशात काय मावतं

या वेळचे प्रश्न वेगवेगळ्या घरांतून आलेत, दोन स्वयंपाकघरातून, एक बारावीच्या वहीतून, दोन औषधांच्या डब्यातून, पण उत्तरं लिहायला बसले तर प्रत्येक वेळी त्याच जागी येऊन पोचले, एन्झाइम नावाच्या प्रोटीनचा आकार. म्हणून सगळे एकत्रच घेतेय.

प्रश्न: ताई, अननसाचा शिरा आमच्याकडे नेहमी होतो, त्यात दूध घालते, कधी काही होत नाही. परवा ताज्या अननसाचा मिल्कशेक करून फ्रीजमध्ये ठेवला, दोन तासांनी मुलांना दिला तर कडूजहर! अननस गोड होता, दूधही चांगलं होतं. मग बिघडलं काय? – एक वाचक, रत्नागिरी

दूधही बिघडलं नव्हतं आणि अननसही. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं आणि त्याचं काम एकच, प्रोटीनच्या साखळ्या कापायच्या. दुधातलं केसीन हे प्रोटीन त्याच्या तावडीत सापडलं की त्याचे बारीक बारीक तुकडे होतात आणि त्यातले काही तुकडे जिभेला चक्क कडू लागतात. अख्खं केसीन कडू नसतं, तुकडे कडू असतात, म्हणून ताजा ताजा शेक गोड लागला असेल आणि दोन तासांनी नाही. फ्रीजमध्ये हे काम मंदावतं पण थांबत नाही.

आता शिऱ्यात काय होतं ते बघा. तिथे अननस आधी शिजतो. एन्झाइम म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी, पण ती साखळी सुतासारखी सरळ पडलेली नसते, ठरावीक पद्धतीनं घडी घालून तिचा गोळा झालेला असतो आणि त्या गोळ्यावर एक खाच असते जिच्यात कापायची वस्तू येऊन बसते. ब्रोमेलेनच्या भावकीतलं, पपईच्या चिकातलं पपेन घ्या, त्यात 212 अमिनो आम्लं आहेत, गोळ्याचे दोन भाग आणि मधे घळ, त्या घळीच्या एका काठावर 25 क्रमांकाचं सिस्टीन, समोरच्या काठावर 159 क्रमांकाचं हिस्टिडीन. साखळी सरळ मोजली तर या दोघांत किती अंतर आहे! पण घडी पडल्यावर ते समोरासमोर येतात आणि कात्रीची दोन पाती व्हावीत तसं दोघं मिळून कापतात. उष्णतेनं घडी उलगडली की 25 कुठे, 159 कुठे. साखळी तीच असते, एकही अमिनो आम्ल कमी झालेलं नसतं, पण कात्री उरत नाही.

जाता जाता, मटणाला कच्ची पपई लावणाऱ्यांसाठी: पपेन उष्णतेला बरंच चिवट आहे, साधारण 60 ते 70 अंशांना ते सगळ्यात जोरात चालतं, त्यामुळे त्याचं मोठं काम मटण गॅसवर तापायला लागल्यावर होतं आणि पुढे उकळीला ते स्वतःच मोडतं. म्हणून पपई थोडीच लावा, नाहीतर मटणाचा लगदा होतो.

आणि अजून एक गोष्ट करून बघा, मला फार आवडते ती. जिलेटीनची जेली करून त्यावर ताज्या अननसाची फोड ठेवा, फोडीखालची जेली पाणी होईल. तीच फोड चायना ग्रासच्या जेलीवर ठेवा, काहीही होणार नाही. जिलेटीन प्रोटीन आहे, चायना ग्रास म्हणजे समुद्री शेवाळातली साखरेची साखळी. कात्री तीच, धारही तीच, पण साखरेची साखळी त्या घळीत नीट बसतच नाही.

प्रश्न: मॅडम, मी बारावीला आहे. पुस्तकात कुलूप-किल्ली मॉडेल आहे, क्लासचे सर म्हणतात ते जुनं झालं, इंड्यूस्ड फिट लिही. दोन्हीतलं खरं कुठलं? – एक विद्यार्थिनी, लातूर

पेपरात जे विचारलंय ते लिही, पण समजून घेताना दोन्ही घे.

कुलूप-किल्ली म्हणाले एमिल फिशर, 1894 साली, आणि ते उगाच सुचलेलं वाक्य नव्हतं. ते साखरेच्या संयुगांवर काम करत होते. दोन संयुगं, अणू तेच, जोडणीही तीच, फरक इतकाच की एका ठिकाणचा बंध एकात वर वळलेला आणि दुसऱ्यात खाली. यीस्टमधलं एन्झाइम फक्त एकाला तोडायचं, बदामातलं फक्त दुसऱ्याला. त्या काळी कुणी एन्झाइम कसं दिसतं ते पाहिलेलं नव्हतं, एन्झाइम म्हणजे प्रोटीन हेसुद्धा ठरलेलं नव्हतं, तरी नुसत्या या निवडखोरीवरून त्यांनी ओळखलं की आत आकाराचा आकाराशी मेळ बसत असणार. त्याला जुनं झालं म्हणून टाकून द्यायला माझं मन होत नाही.

गाडं अडलं कुठे, तर हेक्सोकायनेझपाशी. हे एन्झाइम एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा, फॉस्फेट काढून ग्लुकोजला लावतं. ग्लुकोजचा जो ओएच गट फॉस्फेट घेतो तसाच ओएच पाण्यातही असतो आणि पाणी तर पेशीत सगळीकडे, ग्लुकोजपेक्षा कितीतरी लहान, कुठल्याही कुलपात सहज शिरेल असं. मग फॉस्फेट पाण्याला का नाही लागत? तसं झालं असतं तर एटीपी नुसता वाया गेला असता. 1958 मध्ये डॅनियल कॉशलंड यांनी उत्तर सुचवलं की एन्झाइमची खाच आधीपासून तयार नसते, योग्य पाहुणा आला की त्याच्या येण्यानंच ती पूर्ण होते. पुढे एक्स-रे चित्रांत ते डोळ्यांना दिसलं, ग्लुकोज बसताच हेक्सोकायनेझचे दोन भाग एकमेकांकडे वळून मिटतात. पाण्याचा रेणू आला तरी ते मिटणं होत नाही, कारण मिटण्यासाठी ज्या ज्या ठिकाणी धरायला हवं तिथे धरायला पाण्याकडे काही नसतं.

तू बाळाची झोळी पाहिली असशील ना, आढ्याला टांगलेली. रिकामी असते तेव्हा नुसता लोंबणारा कपडा. बाळ ठेवलं की दोन्ही बाजू आपोआप वर येऊन त्याला वेढून घेतात. त्यात चमचा टाकला तर झोळी हलतही नाही. मला इंड्यूस्ड फिट असं समजतं. आणि शिवण कुठे, दोरी कुठे हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून झोळीचं पोतं होत नाही, तेवढ्यापुरते फिशरही बरोबरच होते.

प्रश्न: दाढ काढल्यावर डॉक्टरांनी सूज उतरायला गोळी दिली, पाकिटावर ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन अशी दोन नावं आहेत. ही एकच वस्तू आहे की दोन? आणि गोळी चावू नका असं का सांगतात? – एक वाचक, सांगली

दुसरं आधी सांगते. ही प्रोटीनं आहेत, पोटातलं आम्ल त्यांची घडी मोडू शकतं, म्हणून गोळीवर असं आवरण असतं जे पोटात टिकतं आणि आतड्यात विरघळतं. चावली की आवरण फुटलं, मग उपयोग काय.

आता पहिला प्रश्न, आणि तो इतका सुंदर आहे की मला थोडी जागा लागणार आहे.

दोन आहेत, पण जुळ्या बहिणींसारख्या. दोन्ही आपल्या स्वादुपिंडात तयार होतात, दोन्हींची घडी जवळजवळ एकसारखी, कापणारी जागाही तीच: 57 वर हिस्टिडीन, 102 वर अ‍ॅस्पार्टेट, 195 वर सेरीन. फरक शेजारच्या खिशात. जी साखळी कापायची तिचं एक अमिनो आम्ल आधी या खिशात जाऊन बसतं आणि मग त्याच्या लगेच पुढचा बंध तुटतो. ट्रिप्सिनच्या खिशाच्या तळाशी 189 क्रमांकाला अ‍ॅस्पार्टेट आहे, त्याच्यावर ऋण भार, म्हणून लायसीन किंवा आर्जिनीन यांची लांब आणि धन भाराची शेपटी आत ओढली जाते. कायमोट्रिप्सिनमध्ये त्याच 189 ला साधं सेरीन आहे, भार नाही, खिसा ऐसपैस आणि तेलकट स्वभावाचा, तिथे फेनिलअ‍ॅलनीन, टायरोसीन, ट्रिप्टोफॅन अशी चपट्या कड्यांची मंडळी बसतात. तिसरी बहीण इलॅस्टेझ, तिच्या खिशाच्या तोंडाशी 216 आणि 226 ला जाडजूड अमिनो आम्लं आडवी आल्यामुळे खिसा बुजल्यासारखा, अ‍ॅलनीनसारखं छोटं काहीतरीच मावतं. तिघी मिळून वेगवेगळ्या जागी कापतात म्हणून आपल्या जेवणातल्या डाळीचा, अंड्याचा भुगा होतो.

मी कॉलेजमध्ये मुलांना ट्रिप्सिनचं प्रॅक्टिकल द्यायचे. दूधपावडरचं पांढरं पाणी टेस्ट ट्यूबमध्ये, ट्यूबच्या मागे कागदावर पेनानं काढलेली फुली. पुढून पाहिलं तर फुली दिसत नाही. ट्रिप्सिनचे थेंब टाकायचे, ट्यूब कोमट पाण्यात धरायची, काही मिनिटांत पांढरेपणा विरत जातो आणि फुली आधी सावलीसारखी मग स्पष्ट दिसायला लागते. उकळलेलं ट्रिप्सिन टाकलेली ट्यूब शेजारीच, ती तशीच पांढरी. मुलं घड्याळ विसरून फुलीकडे बघत बसायची.

आता तुम्ही म्हणाल मग 189 चं एक अमिनो आम्ल बदललं की ट्रिप्सिनचं कायमोट्रिप्सिन होईल. शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं होतं. 1980 च्या दशकात ते करून पाहिलं गेलं, ट्रिप्सिनमधलं अ‍ॅस्पार्टेट काढून सेरीन बसवलं, आणि हाती आलं काय, तर धड ट्रिप्सिन नाही धड कायमोट्रिप्सिन नाही, एक अगदी लंगडं एन्झाइम. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं 1992 मध्ये दाखवलं की खिशाबरोबर पृष्ठभागावरचे दोन वळसेही कायमोट्रिप्सिनचे घातले तर कायमोट्रिप्सिनसारखं काम व्हायला लागतं. हे वळसे कापायच्या साखळीला स्पर्शसुद्धा करत नाहीत! लांबून खिशाच्या भिंती धरून ठेवतात, इतकंच. मला स्वतःला हा प्रयोग वाचल्यापासून एन्झाइमचं चित्र काढताना नुसता खिसा काढून थांबवत नाही, आजूबाजूचा सगळा गोळा काढावासा वाटतो, कारण 200-250 अमिनो आम्लांपैकी प्रत्यक्ष कापणारी तीन असली तरी बाकीची बसून खात नाहीत.

आणि स्वादुपिंड स्वतःला का कापून घेत नाही? कारण तिथे ही एन्झाइमं अर्धवट रूपात असतात. कायमोट्रिप्सिनचं आधीचं रूप कायमोट्रिप्सिनोजेन, त्याची साखळी पूर्ण आहे, तिन्ही कापणारी अमिनो आम्लं जागेवर आहेत, पण खिसा नीट घडलेला नाही. आतड्यात पोचल्यावर ट्रिप्सिन त्याचा 15 आणि 16 मधला बंध तोडतं, 16 चं मोकळं झालेलं टोक आत वळून 194 च्या अ‍ॅस्पार्टेटला जाऊन चिकटतं आणि त्या ओढीनं खिसा उघडतो. हेच जागं होणं चुकून स्वादुपिंडातच सुरू झालं तर पोटात असह्य कळा येतात, त्या दुखण्याला पॅन्क्रियाटायटिस म्हणतात आणि ते अंगावर काढायचं दुखणं नाही, ताबडतोब हॉस्पिटल.

प्रश्न: लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तेही एन्झाइममुळेच का? – एक वाचक, पणजी

नाही. तिथे आम्लानं केसीनच्या कणांवरचा विद्युतभार नाहीसा होतो आणि ते एकमेकांना चिकटून गोळा होतात, काहीही कापलं जात नाही. चीज करताना वापरतात ते रेनेट मात्र एन्झाइमवालं, ते केसीनच्या कणांवरची केसाळ टोकं एका ठरावीक जागी कापतं.

प्रश्न: बाबांना हार्टसाठी अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी दिवसातून एकदाच आहे. आई गुडघे दुखले की आयबुप्रोफेन घेते, ती दिवसातून दोन-तीनदा लागते. दोन्ही एकाच एन्झाइमवर काम करतात असं वाचलं, मग इतका फरक का? – एक वाचक, पुणे

बरोबर वाचलंत. ते एन्झाइम सायक्लोऑक्सिजनेझ, त्यात अ‍ॅरॅकिडोनिक आम्ल शिरतं आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिनं बनतात, सूज आणि दुखणं त्यांच्यामुळे. अ‍ॅस्पिरिन हे बनणं थांबवतं असं जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं, 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. या एन्झाइमचा खिसा म्हणजे एक लांब अरुंद बोगदा आहे. आयबुप्रोफेन बोगद्यात जाऊन बसतं, वाट अडवतं आणि काही वेळानं उठून निघून जातं, म्हणून आईंना पुन्हा गोळी. अ‍ॅस्पिरिन नुसतं बसत नाही, बोगद्यातल्या 530 क्रमांकाच्या सेरीनला स्वतःचा एक तुकडा कायमचा चिकटवून जातं. अ‍ॅस्पिरिन निघून गेलं तरी तो तुकडा वाटेतच, ते एन्झाइम संपलं. बाकीच्या पेशी नवं एन्झाइम बनवतात, पण रक्ताची गुठळी करणाऱ्या प्लेटलेट्स, ज्यांना त्या कामात हेच एन्झाइम मदत करतं, त्यांना केंद्रकच नसतं, त्यांना ते जमत नाही, मग त्या प्लेटलेटचं जे काही आठ-दहा दिवसांचं आयुष्य असेल ते सगळं तसंच जातं. गुठळी होण्याची शक्यता कमी होते ती यामुळे आणि रोज एक छोटी गोळी पुरते ती पण यामुळेच, ती फक्त नव्यानं आलेल्या प्लेटलेट्ससाठी असते.

यातली एक गोष्ट तुमच्या घरात नक्की लक्षात ठेवा. बाबांनी कधी अंगदुखीसाठी आईंच्या डब्यातली आयबुप्रोफेन आधी घेतली आणि मग अ‍ॅस्पिरिन, तर बोगदा आधीच अडलेला असतो, अ‍ॅस्पिरिन 530 पर्यंत पोचत नाही आणि रक्तात ते फार थोडा वेळ टिकतं, म्हणजे आयबुप्रोफेन उठेपर्यंत अ‍ॅस्पिरिनची वेळ निघून गेलेली असते. गोळी घेतली पण प्लेटलेट मोकळ्याच. बाबांना पेनकिलर लागणार असेल तर कुठली आणि किती अंतरानं हे त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांनाच विचारा आणि विचारताना दोन्ही गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.