पुलावर नाही, पाण्यात

मे महिन्यातली दुपार. कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी ती सातव्या महिन्याचं पोट सांभाळत माझ्या कुडाळच्या खोलीचा (इथे गरोदर बायका बाळंतपणाबद्दल बोलायला येतात) जिना चढून आली. वेंगुर्ल्याची. सासरी सगळे तिला बाय म्हणतात, म्हणून इथे मीही बायच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पाणी पिण्याआधीच तिने मोबाइल पुढे केला. एक बाई मोठ्या टबात, छातीपर्यंत कोमट पाण्यात, काठावर हात टेकून गुडघ्यांवर बसलेली. दोन मिनिटांनी पाण्यातून बाळ वर येतं आणि ती ते स्वतःच्या हाताने छातीशी घेते.

"मॅडम, माझं दुसरं असं व्हायला हवंय. गोव्यात एका हॉस्पिटलात सोय आहे, फोन करून विचारलंय. पण घरात कुणालाच पटत नाही. मी हट्ट करतेय का? आणि खरं सांगा, बाळ बुडत नाही ना?"

तिने घरी 'बर्थिंग पूल' असा शब्द वापरला होता. सासूबाई वेंगुर्ल्याच्या बाजारात मासळी विकतात. त्यांना पूल एकच माहीत. "खयच्या पुलार गो? पावसात पुलार जावन बाळंत होतास?" पूल म्हणजे पाण्याचं टाकं हे कळल्यावर तर त्या जास्तच भडकल्या. "मासो पाण्यात जल्मता. माणसाचा पॉर नाय!"

हसलो आम्ही दोघी. पण तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दुसऱ्या खेपेच्या बायका माझ्याकडे वेगवेगळे प्रश्न घेऊन येतात: पाण्यात करू का, आधीच तारीख ठरवून सिझेरियन करून घेऊ का, हॉस्पिटल बदलू का. मी लगेच उत्तर देत नाही. आधी पहिल्या बाळंतपणाबद्दल विचारते.

बायचं पहिलं चार वर्षांपूर्वी, जानेवारीत, रीतीप्रमाणे माहेरी. नवरा ट्रॉलरवर, समुद्रात. कळा सुरू झाल्यावर तिला टेबलावर उताणं झोपवलं ते शेवटपर्यंत. कुशीवर वळू का, असं तिने दोनदा विचारलं आणि दोनदा ओरडा खाल्ला. आईला दाराबाहेर ठेवलं होतं. शेवटी एकीने पोटावर कोपराने जोर दिला. टाके कधी घातले, किती घातले, कुणी सांगितलं नाही. हे सगळं तिने मान खाली घालून, एका सुरात सांगितलं आणि वर म्हणाली, "पण बाळ धडधाकट होतं ना. मग काय बोलणार?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की माझाच जीव कळवळतो. बाळ धडधाकट असणं ही आनंदाची गोष्ट आहेच, पण तिच्यावर जे झालं त्याची ती पावती नव्हे. मी तिला सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींमध्ये बाळ बाहेर काढण्यासाठी पोट दाबू नये असं स्पष्ट लिहिलंय. जननमार्गाला सरसकट छेद देऊ नये असंही लिहिलंय, आणि बाईला हवं ते माणूस सोबत असू द्यावं असंही. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी नाजूक नव्हते."

थोड्या वेळाने विचारलं, "या व्हिडिओत तुला नक्की काय आवडलं?" मला वाटलं, पाणी म्हणेल, शांतता म्हणेल. तिने व्हिडिओ पुन्हा लावला, शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "तिला कुणी दाबून धरत नाहीये."

पुढच्या सगळ्या भेटी आम्ही या एका वाक्यावर उभ्या केल्या.

आता बुडण्याचं. मी डॉक्टर नाही, हे मी प्रत्येक वेळी सांगते. पण समजावून सांगण्याइतकं वाचलंय. पोटात बाळ पाण्यातच असतं, नाळेतून त्याला प्राणवायू मिळतो आणि फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात. निरोगी बाळ तोंडाला हवा लागेपर्यंत सहसा श्वास घेत नाही. म्हणून ते पूर्ण पाण्याखालीच बाहेर येतं आणि लगेच, सावकाश वर आणलं जातं. एकदा डोकं हवेत आलं की पुन्हा पाण्याखाली न्यायचं नाही. मात्र ज्या बाळाला आतच प्राणवायू कमी पडतोय ते पाण्यातही श्वास ओढू शकतं. म्हणून बाळाच्या हृदयाचे ठोके पाहणं हा सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. त्यासाठी पाण्यात चालणारं हातातलं डॉपलर, म्हणजे ठोके ऐकायचं यंत्र, असतं. कळांच्या काळात साधारण दर पंधरा मिनिटांनी आणि जोर द्यायच्या वेळी दर पाच मिनिटांनी ठोके ऐकले जातात. काही बिनसलं की बाईने बाहेर यायचं. वाद नाही.

ही रील्सवाल्यांनी काढलेली टूम आहे असं तिच्या दिराचं मत होतं. तर तसं नाही. फ्रान्समध्ये पिथिव्हिए गावच्या हॉस्पिटलात मिशेल ओदाँ या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात कळा देणाऱ्या बायकांसाठी पाण्याचा टब ठेवला, तो वेदना हलक्या व्हाव्यात म्हणून. काही बायका पाण्यातून बाहेर यायलाच तयार होईनात आणि बाळं तिथेच जन्मली. १९८३ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं. म्हणजे टबाचं मुख्य काम कळांच्या वेळचं: अंग हलकं होतं, कूस बदलता येते, कंबर सैल पडते. कळा नाहीशा होत नाहीत. तसं कुणी सांगत असेल तर ते खोटं सांगतंय.

डॉक्टरांतही एकमत नाही, हेही मी तिच्यापासून लपवलं नाही. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं की निरोगी बाईने कळांच्या वेळी पाण्यात बसायला हरकत नाही, पण बाळंत बाहेर व्हावं. ब्रिटनमध्ये काही बायका पाण्यातच बाळंत होतात. तिथल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले आणि त्याचं नावच 'पूल' (सासूबाईंना हे सांगायला हवं होतं). गुंतागुंत नसलेल्या साठ हजारांहून जास्त बायकांच्या नोंदी त्यात तपासल्या. पाण्यातच राहिलेल्या आणि शेवटी बाहेर आलेल्या बायकांची तुलना केली, तर पाण्यामुळे मोठ्या जखमा किंवा बाळाच्या गंभीर अडचणी वाढलेल्या दिसल्या नाहीत. नाळ तुटण्याचे प्रसंग मात्र पाण्यात थोडे जास्त होते. म्हणून बाळ वर घेताना नाळ ताणली जात नाही ना, हे बघणारा सवयीचा हात लागतो. घरच्या टाकीत, ओळखीच्या बाईला बोलावून करायचं हे काम नव्हे. तो विषय मी तिथेच बंद केला.

जिना उतरायच्या आधी दाराशी थांबून तिने हळूच विचारलं, "आणि पाण्यात शी झाली तर?" खरा प्रश्न बऱ्याचदा दाराशीच येतो. म्हटलं, होते, बऱ्याच जणींना होते. नर्सकडे त्यासाठी जाळीची चाळणी असते, उचलून टाकतात, कुणी तोंड वाकडं करत नाही. "म्हणजे आमचं मासे काढायचं जाळंच की!" आल्यापासून पहिल्यांदाच ती खदखदून हसली.

दुसऱ्या भेटीला नवरा आला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते आणि तिची तारीख जुलैच्या मध्यावर. या वेळी तरी तो जमिनीवर असणार होता. उंचापुरा, मितभाषी गडी. समुद्र बघितलेला माणूस पाण्याला जास्त घाबरतो, हे मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बोटीवरचा खलाशी बुडाला होता. बायको जेव्हा जेव्हा "पाण्यात" म्हणायची, तेव्हा त्याला तो दिवस दिसायचा. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं, माझ्यासमोर सांगितलं. तो नकार देत होता म्हणून ती त्याला आईचा लाडका म्हणत होती, आणि तो खरं तर घाबरला होता. मी काही केलं नाही, चहा मागवला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग आम्ही व्यवहाराकडे वळलो. माझ्या मते खरी जोखीम टबात नव्हती, रस्त्यात होती. पहिलटकरणीच्या नेमाने येणाऱ्या कळा सरासरी आठ तास चालतात, दुसऱ्या खेपेला सरासरी पाच. सरासरी म्हणजे काही जणींच्या त्याहून लवकर आटपतात. वेंगुर्ल्याहून शिरोडा, आरोंदा करत म्हापसा गाठायला पाऊस नसेल तर दीड तास. जुलैत, रात्री, झाडं आडवी पडलेली असताना किती, ते देवाला माहीत. सासूबाई म्हणाल्या तसं ती खरोखरच आरोंद्याच्या पुलावर बाळंत व्हायची! म्हापशाला तिची मावशी राहते. अडतिसाव्या आठवड्यापासून तिथे जाऊन राहायचं ठरलं.

हॉस्पिटलला काय विचारायचं, ते तिने माझ्याकडून वहीत लिहून घेतलं. टब एकच आहे का, आणि त्यात दुसरी कुणी असेल तर काय? पाण्याचं तापमान किती वेळाने मोजता? (३७.५ अंशांच्या वर जाऊ देता कामा नये, बाईला ताप चढल्यासारखं होतं आणि बाळाचे ठोके वाढतात.) दोन बाळंतपणांच्या मध्ये टब कशाने धुता? बाई पाण्यात बेशुद्ध झाली तर बाहेर कशी काढता, आणि त्याचा सराव कधी केला होता? या शेवटच्या प्रश्नाला जो माणूस अडखळतो त्याच्या टबात मी माझ्या मुलीला उतरू देणार नाही. वार, म्हणजे बाळामागून पडते ती, पाण्यात पडू देता की बाहेर? सिझेरियनची सोय त्याच इमारतीत आहे का? आणि खर्च सगळं धरून किती, तेही. पॅकेजच्या कागदावर टब असतो, बालरोगतज्ज्ञाचं बिल नसतं.

टब मिळणार नाही असं होऊ शकतं, हे मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. दिवस सदतीस आठवड्यांच्या आत असतील, बाळ पायाळू असेल, जुळं असेल, रक्तदाब वाढला, ताप आला, बाळाभोवतीचं पाणी हिरवट गेलं, तर नाही. यामागे एक जुनी बोच आहे. काही वर्षांपूर्वी कणकवलीकडची एक बाई माझ्याकडे यायची. रक्तदाबामुळे ऐन वेळी तिला टब नाकारला. बाळ छान झालं, पण ती सहा महिने 'मी नापास झाले' म्हणत रडत होती. तेव्हा मी तिच्याशी फक्त टबाबद्दल बोलले होते, टब नसेल तेव्हाबद्दल बोलले नव्हते. ती चूक माझी.

म्हणून बायच्या वहीत उजव्या पानावर टब आणि डाव्या पानावर टब नसेल तर. चालत राहायचं, कुशीवर किंवा गुडघ्यांवर टेकून जोर द्यायचा, कंबरेवर गरम पाण्याची पिशवी, नवरा सोबत, आणि जे काही करायचं ते आधी सांगून. हे सगळं वेंगुर्ल्यातही मागता येतं. बाळंतिणीसोबत तिचं माणूस असू द्यावं, असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांना कळवलंय. मागावं लागतं, कधी कागद दाखवून मागावं लागतं, हेही खरं. आणि म्हापशाला जायच्या आधीच कळा आल्या तर १०८ आणि जवळचं रुग्णालय, गोवा विसरायचं.

सासूबाई स्वतःहून आल्या, जूनच्या शेवटी. पाटी आणलीन बरोबर, बांगड्यांची. बांगडे बंदीच्या दिवसांत कुठून आले ते मी विचारलं नाही. मला वाटलं, आता भांडण. त्या वही उलटसुलट करत राहिल्या, वाचता येत नव्हती तरी. सुनेने वाचून दाखवली. गरम पाण्याच्या पिशवीपाशी त्यांनी तिला थांबवलं.

"माका चवथ्या वेळाक न्हाणयेतच कळो इल्यो," त्या म्हणाल्या. "सुईण येयसर मिया चुलीवरचा उन पाणी तांब्यान कमरेर घेत रवलंय. बरा वाटला." मग सुनेकडे बघून, जरा रागानेच, "ह्या आधी सांगाचा नाय? मिया आपली पूल पूल करतंय."

बाळ जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. पहाटे तीनला कळा, चारला हॉस्पिटल. टब रिकामा होता, भरायलाच पाऊण तास लागला आणि तोवर ती नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून उभी होती. पाण्यात उतरली तेव्हा पिशवीचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलेलं. पुढे तासाभरात बाळ हातात. मुलगी. वार पडायच्या आधी थोडं रक्त जास्त जातंय असं वाटल्यावर डॉक्टरांनी तिला बाहेर घेतलं, इंजेक्शन दिलं, दोन टाके घातले. प्रत्येक टाक्याआधी सांगून, हे तिने मला फोनवर दोनदा ऐकवलं.

नवऱ्याची मात्र पाचावर धारण बसली होती. पाण्यातून आलेली बाळं कधी कधी टाहो फोडत नाहीत, डोळे उघडून बघत राहतात. रंग, श्वास, हातापायांची हालचाल ठीक असेल तर त्यात काळजीचं काही नसतं. हे मी त्याला सांगायला विसरले होते. पोरगी गप्प बघून हा गडी टबाच्या काठाला धरून खालीच बसला. नर्सने बाळाचा हात त्याच्या बोटाला लावला तेव्हा कुठे त्याला धीर आला.

सासूबाईंना फोन केला तर त्यांचाही पहिला प्रश्न तोच, "रडला काय?" नंतर रडली म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवून दिला. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड बोलल्या होत्या, तो त्याच दिवशी द्यायला निघाल्या. पाऊस धो धो होता.