‘नस ब्लॉक’ की ‘नस बधिर’?

प्रश्न असा आला आहे: वडिलांचं सायनसचं ऑपरेशन ठरलंय. नंतर दुखू नये म्हणून नर्व्ह ब्लॉक देऊ, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन ‘नस ब्लॉक करणार आहेत’ असं सांगितल्यावर आईच्या पोटात गोळाच आला. संमतीपत्रात ‘तंत्रिका अवरोध’ लिहिलं होतं, ते तर कुणालाच उमगलं नाही. याला सरळ मराठी शब्द कोणता?

आईंचं घाबरणं अगदी रास्त आहे. मराठीत ‘ब्लॉक’ हा आजार आहे. ‘अँजिओग्राफीत दोन ब्लॉक निघाले’ हे वाक्य घरोघरी ऐकलेलं असतं. त्याला ‘नस’ जोडली की रक्त तुंबल्याचंच चित्र उभं राहतं, कारण आपली ‘नस’ फार कामं करते. हाताची नस कापली म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी असते. कमरेत नस दबली म्हणतो तेव्हा मज्जातंतू. पोटरीत नस चढते ती खरं तर स्नायूचा पेटका असतो. आणि नसबंदीतली नस यांपैकी कुठलीच नाही, ती शुक्रवाहिनी! म्हणून ‘नस बंद करणे’ हा पर्यायही मी कटाक्षाने टाळेन. त्यात कायमचं बंद केल्याचा अर्थ येतो.

माझं मत ‘नस बधिर करणे’ या प्रयोगाला. संस्कृतात ‘बधिर’ म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. हाच शब्द प्राकृतातून झिजत आला आणि ‘बहिरा’ झाला. मूळ रूप संस्कृतातून पुन्हा उचललं, ते ‘मूकबधिर’मध्ये जुन्या अर्थाने टिकलं आणि एरवी संवेदना गेलेल्या अवयवाला लागू झालं. नर्व्ह ब्लॉकला तो चपखल बसतो. लिग्नोकेन किंवा ब्युपिवाकेनसारखं औषध नसेतले सोडियमचे मार्ग अडवतं, त्यामुळे दुखण्याची हाक मेंदूपर्यंत पोचत नाही. औषध ओसरलं की नस पुन्हा कामाला लागते.

खालची दाढ काढताना हे आपण अनुभवलेलं असतं. डॉक्टर सुई टोचतात, थोडं थांबतात आणि विचारतात, “ओठ जड वाटतोय का?” सुई आत जबड्यापाशी, पण बधिर होतो तो अर्धा ओठ, कारण दोघांची नस एकच. न्यू यॉर्कमध्ये 1884 साली हॉल्स्टेड आणि हॉल या सर्जननी कोकेन टोचून हीच नस बधिर केली होती.

मग ‘भूल’ का नको? भूल माणसाला देतात, बधिर करतात ती जागा किंवा नस. ‘भुलणे’ म्हणजे भान हरपणे, आणि ‘स्थानिक भूल’ रूढ असली तरी हा अर्थ मागे उरतोच. सायनसच्या ऑपरेशनात हा फरक उपयोगी पडतो, कारण तिथे बहुधा दोन्ही होतं. पेशंटला पूर्ण भूल देतात, आणि शिवाय नाकाच्या मागच्या बाजूला असलेल्या स्फेनोपॅलटाइन नावाच्या नसांच्या गाठीशी औषध टोचतात, कधी नाकातून, कधी टाळूतून. भूल उतरते, माणूस शुद्धीवर येतो, पण नसा आणखी काही तास बधिर असतात. सुरुवातीचं दुखणं आणि वेदनाशामक गोळ्या कमी व्हाव्यात, हाच त्यामागचा हेतू.

‘तंत्रिका’ हा मराठी विश्वकोशातला शब्द, शाळेच्या पुस्तकात ‘चेता’, बोलण्यात ‘मज्जातंतू’. अभ्यासाच्या लेखनात ते अवश्य वापरावेत. पण संमतीपत्र सही करणाऱ्याला कळलंच पाहिजे. तिथे मी असं लिहीन: ‘ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून नाकाच्या नसा काही तासांपुरत्या बधिर करण्याचे इंजेक्शन’. आईंनाही हेच सांगा, आणि ‘काही तासांपुरत्या’ हे शब्द आधी सांगा.