भिगवणला पक्षी बघायला पहिल्यांदा येतोयस ना, मग हे वाच

अरे कॅमेऱ्याची घाई नको करू, ८ बाय ४२ ची (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) साधी दुर्बीण पुरे, ती पण आधी ग्रुपमधल्या कुणाची तरी मागून बघ. जानेवारी-फेब्रुवारीत चल, कुंभारगावचे होडीवाले उजनी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये फिरवतात, त्यांना पक्षी आपल्यापेक्षा जास्त कळतात, फक्त फोटोसाठी फ्लेमिंगो उडवायला सांगू नको, लोक सांगतात आणि माझं डोकं फिरतं. सगळे फ्लेमिंगो फ्लेमिंगो करतात पण तू पट्टकदंब (बार-हेडेड गूज, एक रानटी हंस) शोध, डोक्यामागे दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून येतात ते! भडक टीशर्ट नको. नाव नाही कळलं तर चोच, पायांचा रंग, शेपटी वहीत लिही, पक्षी ओळखून देणारं मर्लिन अ‍ॅप नंतर उघड. आणि घरट्यांचं लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं नाही, कध्धीच.