गावात व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्यावर कार्यक्रम घ्यायचाय, बजेट कमी आहे, काय काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की गाव साडेतीन हजार वस्तीचं, मंडळाकडे गणपतीचे उरलेले वीसेक हजार आहेत आणि 26 जूनला, म्हणजे अमली पदार्थ विरोधी दिनाला, रॅली, फ्लेक्स आणि एक व्याख्यान असं ठरतंय. मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो, बारा वर्षं झाली, आणि आसपासच्या चार-पाच गावांत असे कार्यक्रम घ्यायला हातभार लावलाय, त्यावरून सांगतो. व्याख्यान ठेवा, पण सगळे पैसे त्यात घालवू नका. फ्लेक्स तर एकच पुरे.

आमचा पहिला कार्यक्रम मारुतीच्या देवळासमोर झाला. वक्ते चांगले होते, पडद्यावर खराब झालेलं लिव्हर दाखवलं, कॅन्सर झालेलं तोंड दाखवलं, पोरांनी हात पुढं करून शपथ घेतली, टाळ्या झाल्या. सगळे गेल्यावर आम्ही सतरंज्या घड्या करत होतो तर कडेला थांबलेली एक बाई पुढं आली, माझ्या सतरंजीचं दुसरं टोक तिनं धरलं आणि हळूच विचारलं, "दादा, चहात टाकायची गोळी मिळती का तुमच्याकडं? ह्यांना कळाया नको." दोन तास कार्यक्रम झाला पण तिच्या उपयोगाचं एक वाक्य कुणी बोललं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. ती गोळी मागणारी ती एकटी नाही, माझ्या काउंटरवर महिन्याला दोन-तीन जणी तरी येतात, कारण एसटी स्टँडवर 'न सांगता दारू सोडवा' असली पोस्टरं चिकटवलेली असतात आणि माणूस बुडताना काडीचाही आधार घेतो.

म्हणून तुमच्या कार्यक्रमात ही गोष्ट स्वच्छ सांगा. डायसल्फिराम नावाची गोळी खरोखर आहे, ती पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी पडतं, आणि ते जिवावरही बेतू शकतं. त्यामुळं डॉक्टर ती तपासणी करून, पेशंटला समजावून, त्याच्या संमतीनंच देतात. चोरून चहात टाकायचं ते औषध नव्हे. आणि पोस्टरवाल्या पावडरीत काय असतं हे तर कुणालाच धड सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट पण अशीच, कुणी सांगत नाही म्हणून घरंच्या घरं फसतात. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरचे खोलीत कोंडतात, चार दिवस मिळाली नाही की सुटेल म्हणून. आमच्या गल्लीत असंच केलं होतं, दुसऱ्या दिवशी त्याला फिट आली, तिसऱ्या दिवशी भिंतीवर साप दिसायला लागले आणि बायको म्हणे बाहेरचं काहीतरी झालंय, देवऋष्याकडं न्यायची तयारी सुरू. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. अनेक वर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर असं होऊ शकतं, ती दारू तुटल्याची लक्षणं असतात, त्यामुळं दारू बंद करायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली.

आता मुख्य मुद्दा. वक्ता एक संध्याकाळ येऊन जातो, गावात राहणारी माणसं तयार करा. आम्ही बारा जण निवडले, आशाताई दोन, अंगणवाडीच्या बाई, सलूनवाला, डेअरीवर दूध मोजणारा पोरगा, वडापवाला, तालमीतले वस्ताद, पोलीस पाटील, कृषी सेवा केंद्रवाला, असे. ह्यांना रोज माणसं दिसतात. कोण गप्प झालाय, कोण सकाळीच वास मारतोय, कोण उधारीला तोंड चुकवतोय हे ह्यांना आधी कळतं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि पाठपुरावा करा, आमच्याकडं दोघं आले आणि मानधन घेतलं नाही, जेवण आणि गाडी तेवढी आम्ही केली.

ह्या बारा जणांच्या अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात भाषण कमी आणि सराव जास्त होता. दोन खुर्च्या समोरासमोर, एकानं त्रासलेला माणूस व्हायचं, दुसऱ्यानं विचारायचं. सलूनवाला पहिल्यांदा लगेच म्हणाला, "अरे होतंय, टेन्शन घेऊ नको." त्याला टीममधल्या मॅडमनी थांबवलं आणि म्हणाल्या, आता फक्त विचारा आणि गप्प बसा. मग त्यानं विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का तुझ्या?" आणि खोलीत अशी शांतता झाली की बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकू यायला लागला. सगळ्यांना भीती हीच की विचारलं तर डोक्यात नसलेलं डोक्यात जाईल. तसं होत नाही, उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. आणि मनात येतं म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, फवारणीची औषधं घरातून हलवायची, घरच्यांपैकी एकाला सांगायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये दोन नंबर सेव्ह करायला लावले, 14416 हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, चोवीस तास आणि मराठीत बोलतात, आणि 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. दोन्ही फुकट.

शाळेत घाबरवणारे फोटो नकोत, मोठ्या पोरांना त्यात उलट गंमत वाटते. आम्ही आठवी-नववीच्या पोरांना दोरी दिली आणि गेटपासून टपरीपर्यंत मोजायला लावलं. 2003 च्या कायद्याप्रमाणं शाळेपासून 100 यार्डात, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत, तंबाखू विकता येत नाही, आणि गुटख्याला तर राज्यात 2012 पासून बंदी आहे. टपरी 40 मीटरवर निघाली. पोरांनी स्वतः अर्ज लिहून सरपंचांना दिला, तो आकडा ती पोरं अजून विसरली नाहीत.

घरच्या बायकांची बैठक वेगळी घ्या, पुरुष आणि माइक दोन्ही नकोत. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, जे 1986 पासून चालू आहे, तिथं पेशंटच्या बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे, त्यावरनं आम्हाला हे सुचलं. बोलायला अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या, ओळख न सांगता चालणाऱ्या गटाचा माणूस मिळाला तर बघा, ते पैसे घेत नाहीत, पण त्यांचं आडनाव विचारू नका आणि फोटो ग्रुपवर टाकू नका. आपल्या लोकांना स्टेटस ठेवायची घाई असते, त्यात एखाद्याची सगळी हिंमत जाते.

गावात आडव्या बाटलीचा, म्हणजे मतदानानं दारूचं दुकान बंद करायचा, विषय नक्की निघेल. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बंदीच्या बाजूनं मत दिलं तर परवान्याचं दुकान बंद होतं, बायकांना ते हवं असेल तर मंडळानं मागं उभं राहावं. फक्त दुकान बंद झाल्यावर ज्याला सवय आहे त्याचं काय, हे त्याच बैठकीत ठरवा, कारण तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाला जातो.

आणि तारखेचं बघा. 26 जूनला पाऊस झालेला असला तर सगळं गाव पेरणीत असतं, समोर म्हातारी आणि पोरंच बसतील. 10 ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन, तो बघा, किंवा सरळ एखादी अमावस्या धरा, तेव्हा लोक घरी असतात. वेळ रात्री नऊची, बायकांची भांडी झाल्यावर. पत्रकावर महिनाभरानंतरच्या दुसऱ्या बैठकीची तारीख आत्ताच छापा, आमच्याकडं पहिल्या कार्यक्रमाला दोनशे होते आणि दुसऱ्या बैठकीला नऊच आले, पण त्यातल्या तिघी नवऱ्याला घेऊन आल्या होत्या.