बाईकनं देशाबाहेर जायचंय: धोका नेमका कुठं असतो आणि हाताला काय लागतं?

तुम्ही खानापूरचे, वय २५, बुलेटनं बेळगाव ते लंडन रस्त्यानं जायचं मनात घेतलंय. आई रडते, वडील बोलत नाहीत. खरंच एवढा धोका असतो का आणि एवढं करून मिळतं काय, हा तुमचा प्रश्न. माझं बेळगावात उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. नेपाळ स्वतःच्या गाडीनं केलंय. कोविडच्या आधी किर्गिझस्तानातल्या ओशमधून भाड्याची बाईक घेऊन पामीर हायवेनं, म्हणजे उंच डोंगरातल्या रस्त्यानं, ताजिकिस्तानात खोरोगपर्यंत गेलोय. लंडनपर्यंत मी गेलेलो नाही, तेव्हा जेवढं बघितलंय तेवढ्यावरून सांगतो.

आधी वाटेचं बघू. अटारी-वाघा एप्रिल २०२५ पासून बंद आहे, आणि त्याआधीही आपल्या नंबरप्लेटच्या गाडीला पाकिस्तानातून वाट मिळणं जवळपास अशक्यच होतं. पूर्वेला मणिपूरच्या मोरे गावाहून म्यानमारमध्ये उतरायचे लोक. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथं लष्करानं सत्ता घेतली आणि तो रस्ता आपल्यासाठी संपला. राहिलं नेपाळ-तिबेट. चीनच्या हद्दीत शेवटपर्यंत त्यांचा गाईड सोबत ठेवावा लागतो, तात्पुरतं लायसन्स आणि नंबर घ्यावा लागतो, खर्च लाखांत जातो, म्हणून लोक गट करून जातात. त्यात जुलै २०२५ च्या पुरात रसुवागढीचा सीमेवरचा पूलच वाहून गेला. काही जण गाडी जहाजानं इराणात बंदर अब्बासला उतरवतात, पण इराणचं वातावरण बघूनच तो बेत करावा लागतो. त्यासाठी कार्नेट लागतं, म्हणजे गाडी परत आणायच्या हमीवर ती जकात न भरता परदेशात नेऊ देणारा कागद. ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून मिळतं. त्यात भलीमोठी हमी अडकून पडते, आणि परदेशात गाडी मोडली, जळाली, चोरीला गेली तरी तिचा हिशेब तुम्हालाच द्यावा लागतो. म्हणून माझं मत सरळ आहे: पहिल्यांदा जाताय तर विमानानं जा आणि गाडी तिथं भाड्यानं घ्या. बेळगावच्या नंबरप्लेटबरोबर फोटो येणार नाही, पण तेवढ्यासाठी काही लाख अडकवणं मला पटत नाही.

आता धोका. आईच्या डोळ्यांपुढं लुटारू आणि अतिरेकी येत असणार. तसं कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. २९ जुलै २०१८ ला ताजिकिस्तानात दंगाराजवळ परदेशी सायकलस्वारांवर हल्ला झाला, चौघे मेले. त्या बातमीनंतर माझ्याही घरी दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. पण जगात वर्षाला सुमारे १२ लाख माणसं रस्त्यावरच्या अपघातात जातात, आणि परदेशात फिरायला गेलेल्या धडधाकट माणसाचा जीव जातो तो बहुतेक वेळा असाच. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हा एक नियम पाळला तरी अर्धं काम झालं. पुणे-बंगळूर हायवेवर रात्री दोनला ढाब्यावर चहा पिणाऱ्या आपल्या पोरांना हे जड जातं. पण पामीर हायवेवर मुरगाब गावाच्या पुढं चीनकडून आलेले मालाचे ट्रक धूळ उडवत येतात, त्या धुळीत समोरचं काही दिसत नाही, आणि पडलात तर पुढची गाडी येईपर्यंत तिथंच.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्ही खानापूरचे, ओढे-नाले तुम्हाला नवीन नाहीत. आपल्याकडं पाणी पावसानं चढतं. तिथं कडक ऊन पडलं की चढतं. वर बर्फ वितळतं, ते खाली यायला वेळ लागतो, त्यामुळं सकाळी ढोपराखाली असलेला ओढा संध्याकाळी कमरेला लागतो, आणि आभाळात ढगही नसतो. अशाच एका ओढ्याशी मी चारच्या सुमारास पोचलो. अलीकडं एक ट्रकवाला थांबलेला. त्यानं पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड ठेवला आणि मला खुणेनं बस म्हणाला. चहा होईपर्यंत दगड पाण्याखाली गेला होता. आम्ही तिथंच झोपलो. पहाटे उठून बघतो तर दगड कोरडा, पाणी त्याच्याही चार हात मागं गेलेलं. पुढं जिथं जिथं पाणी लागलं तिथं मी आधी स्थानिक ट्रक थांबलाय का ते बघितलं.

दुसरी गोष्ट उंचीची. त्याच हायवेवरची अकबैतल खिंड ४,६५५ मीटरवर आहे, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली असतो. कार्ब्युरेटरची गाडी काळा धूर सोडते, रडत चढते. माणसाचंही तेच होतं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही असं डॉक्टर सांगतात. ओशहून निघून एका दमात वर उंचावरच्या कराकुलला जाऊन झोपणारे हाच नियम मोडतात. डोकं दुखतंय, उलटी होतेय, तोल जातोय असं झालं की खाली उतरायचं, त्याच दिवशी. खोरोगकडं पंज नदीच्या काठानं रस्ता जातो, पलीकडं अफगाणिस्तान. त्या सीमेवर जुने भूसुरुंग आहेत. रस्ता सोडून नदीकाठी फोटोसाठी उतरायचं नाही.

विमा नीट वाचा. आपला गाडीचा विमा वाढीव हप्ता भरून फार तर नेपाळ, भूतान, बांगलादेश अशा शेजारच्या देशांपर्यंत नेता येतो. स्वतःचा प्रवासविमा घेताना दोन गोष्टी बघा: दुचाकी चालवताना झालेला अपघात त्यात धरलाय का, आणि किती मीटर उंचीपर्यंत. बऱ्याच पॉलिसींत या दोन्ही गोष्टी बारीक अक्षरात वगळलेल्या असतात. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतच मिळतो, मुदत एक वर्षाची असते.

मिळतं काय, याचं उत्तर मी डोंगर आणि तळी सांगून देणार नाही, ते फोटोतही दिसतात. ओशहून पामीरला निघायच्या आधी मी किर्गिझस्तानातल्याच बातकेनकडं गेलो होतो. तो फरगाना खोऱ्याचा कडेचा भाग. सोव्हिएत काळात आखलेल्या सीमा तिथं अशा आहेत की सोख नावाचा उझबेकिस्तानचा तुकडा चारी बाजूंनी किर्गिझस्तानात आहे, आणि त्यात राहणारी माणसं बहुतेक सगळी ताजिक. मी ज्यांच्या घरी उतरलो ते आजोबा निवृत्त मास्तर. बातकेनचा जर्दाळू प्रसिद्ध, अंगणभर वाळत घातलेला. त्यांनी जर्दाळूच्या बिया सतरंजीवर मांडून मला सीमा दाखवली: ही शाळा, ही स्मशानाची जागा, हा पाट, आणि ही बी म्हणजे पलीकडं दिलेली बहीण. मग विचारलं, तुमचं गाव कुठं. मी त्याच बिया घेऊन बेळगाव मांडलं. १९५६ साली राज्यं झाली आणि आम्ही कर्नाटकच्या बाजूला आलो, माझी आत्या पलीकडं महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात, घरात मराठी, जमिनीचा उतारा कन्नडमधून, सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात. मला तिकडं घेऊन आलेल्या ड्रायव्हरचा भाऊ मोडक्यातोडक्या इंग्रजीतून दोघांचं एकमेकांना सांगत होता, पण आजोबांना निम्मं आधीच कळलेलं दिसत होतं. त्यांनी एकच विचारलं: पाणी कुणाकडं आहे? मी म्हादई नदीच्या पाण्याचा वाद आणि कणकुंबीचा कळसा नाला सांगितला. ते बराच वेळ मान हलवत बसले.

नंतर एप्रिल २०२१ मध्ये त्याच भागात इस्फारा नदीच्या पाण्यावरून किर्गिझ आणि ताजिक भिडले, सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा. माणसं मेली, घरं जळाली. आपल्याकडंही १९५६ ला आणि १९८६ ला गोळीबारात माणसं गेली आहेत, हुतात्मा दिनाला मी आजही जातो. पण बातकेनची बातमी वाचताना मला ते अंगण दिसत होतं, आणि आता सीमाप्रश्नाचं काही छापून आलं की मी पलीकडच्या गावात कुणाची लेक दिलीय, कुणाच्या शेताला कुठलं पाणी लागतं, याचा विचार आधी करतो. घरात बसून मला हे कधी सुचलं नसतं. १३ मार्च २०२५ ला त्या दोन देशांचा सीमेचा करार झाला आणि रस्ते पुन्हा उघडले, त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना पेढे वाटले. पोरांना कारण समजावून सांगायला अर्धा तास लागला.

तेव्हा जाच, पण लंडन तूर्त बाजूला ठेवा आणि पहिली फेरी नेपाळची करा. आपलं लायसन्स तिथं चालतं, सीमेवर सोनौलीला भन्सार, म्हणजे नेपाळची जकात, भरला की गाडी आत जाते. आरसी मूळ लागते, आणि गाडी वडिलांच्या नावावर असेल तर त्यांच्या सहीचं अधिकारपत्रही न्या. त्या निमित्तानं विम्याची पॉलिसी आणि रोजचा मुक्काम कुठं हे त्यांच्यासमोर मांडा. मुलगा तयारी करतोय हे दिसलं की घरातली भीती थोडी उतरते, माझ्या घरी तरी तसंच झालं. पावसाळ्यात तिकडं दरडी कोसळतात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा. पोखऱ्याहून वर मुक्तिनाथपर्यंत जा, साधारण ३,७०० मीटर. वाटेत जोमसोमला मुक्काम करा. वर गेल्यावर झोप लागते का, डोकं किती दुखतं, तिसऱ्या दिवशी गाडीवर बसावंसं वाटतं का, ते वहीत लिहून ठेवा. पामीरचा बेत त्या वहीवरून ठरवा. ओशच्या भाड्याच्या गाड्यांबद्दल तेव्हा विचारा, मला माहीत आहे ते सगळं सांगेन.