वाचकांचे प्रश्न : दंगलीनंतर वस्तीतला आधारगट

या महिन्याची बरीच पत्रं हिंसाचार झालेल्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांकडून आली आहेत. ठिकाणं आणि ओळखी काढून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या वस्तीत दोन महिन्यांपूर्वी दगडफेक आणि जाळपोळ झाली. बायका अजून दचकतात, मुलं रात्री उठून बसतात. बचत गटातल्या आम्ही चौघीजणी आधारगट सुरू करायचं म्हणतोय. एका संस्थेचे लोक म्हणाले, पहिल्याच बैठकीत प्रत्येकीने आपल्यावर काय गुदरलं ते सांगावं, म्हणजे मन मोकळं होतं. असं करावं का?

करू नका. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असेल, पण एकाच बैठकीत सगळ्यांकडून घडलेलं वदवून घ्यायचा हा प्रकार तपासून झालेला आहे. त्याने पुढचा त्रास टळत नाही आणि काहींचा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही तो करू नये असंच सांगते. वाढतो कसा, तेही पाहा. सांगणारी त्या रात्रीत परत जाते, तिला तिथून आणायला कोणी नसतं. ऐकणाऱ्या आठजणींच्या डोक्यात आपल्या आठवणींवर दुसरीच्या आठवणींची भर पडते. दुसऱ्या दिवशी सांगणारीला वाटतं, आपण चारचौघींत उघडे पडलो. पुढच्या बैठकीला ती येत नाही. त्यात केस सुरू असेल आणि गटातल्या दोघी-तिघी साक्षीदार असतील, तर एकमेकींची हकिगत ऐकून जबाब सारखे होतात आणि बचावाचे वकील ‘पढवलेले साक्षीदार’ म्हणायला मोकळे होतात. घटनेचा तपशील गटात नको, याला एवढं कारणही पुरे.

रवांडात १९९४च्या वंशसंहारानंतर लोकांनी चालवलेले गट यासाठी पाहण्यासारखे आहेत. २००५ साली ब्युम्बा भागात ते सुरू झाले. दहा-पंधरा माणसं, आठवड्यातून एकदा तीन तास, अशा पंधरा बैठका. टप्पे सहा आणि त्यांचा क्रम ठरलेला : सुरक्षितता, विश्वास, काळजी, आदर, जगण्याचे नवे नियम, आणि सगळ्यात शेवटी आठवणी. आपल्याकडे नेमकी या शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करायची घाई असते.

तुमच्या गटासाठी आमचं सांगणं असं. आठ ते दहाजणी, चालवणाऱ्या दोघी. एकीला कोणाला घेऊन बाहेर जावं लागलं तर दुसरी गट सांभाळते, म्हणून दोघी हव्यातच. वेळ दीड तास, वार आणि तास कायम तोच. नळाला पाणी येण्याची वेळ टाळा, नाहीतर निम्म्या जणी हंड्यात जीव ठेवून बसतील. जागा अंगणवाडीची किंवा शाळेचा वर्ग. पक्षाचं कार्यालय, देऊळ, मशीद नको. पोलीस चौकीला लागून तर नकोच. दाराला आतून कडी लावू नका आणि प्रत्येकीला दार दिसेल अशी बैठक मांडा. दाराकडे पाठ असली की अशा माणसाचं निम्मं लक्ष मागेच राहतं.

चहा सुरुवातीला ठेवा, उशिरा येणारी सहज मिसळते. मग दहा मिनिटं हालहवाल. एक ते पाच बोटांनी दाखवायचं, एक म्हणजे फार वाईट, पाच म्हणजे बरं. बोललंच पाहिजे असं नाही. पंधरा-वीस मिनिटं हातपाय ताणणं, श्वास, एखादा हाताचा उद्योग. मधली चाळीस मिनिटं एकाच कामाच्या विषयाला : झोप, मुलांची शाळा, पंचनाम्याची नक्कल, नुकसानभरपाईचा अर्ज. पीडितांच्या भरपाईसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ आहे आणि अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. तिथल्या वकिलांना एका बैठकीला बोलवा. कागद मार्गी लागला की झोपही थोडी सुधारते, हे मानसोपचाराच्या पुस्तकात ठळक छापलेलं नसतं. शेवटची पंधरा मिनिटं आजच्या दिवसावर यायचं : रात्री स्वयंपाक काय, घरी कोणाबरोबर जाणार, उद्या सकाळचं पहिलं काम कोणतं. हा भाग वेळ संपली म्हणून गाळू नका. डोळे भरलेले असताना बैठक मोडली की ते सगळं ती घरी नेते.

कोणी आपण होऊन घटनेबद्दल बोलू लागली तर तोंड दाबू नका. दोन-तीन वाक्यं ऐका, म्हणा, “हे तुम्ही सोसलंत. आत्ता सगळं सांगायची गरज नाही. नंतर आपण दोघी बसू.” ‘मग काय झालं?’ हा प्रश्न गटापुरता विसरा.

प्रश्न : बैठक चालू असताना बाहेर कोणीतरी दुकानाचं शटर धाडकन ओढलं. एक ताई थरथरायला लागल्या, श्वास जोरजोरात चालू झाला, हातांना मुंग्या आल्या. कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी कांदा हुंगवला, एकीने ‘अंगात आलंय’ म्हटलं. खरं काय करायला हवं होतं?

कांदा, चप्पल, पाणी, गालावर थापट्या, सगळं बंद. घाबरलेल्या शरीराला हा आणखी एक हल्ला वाटतो. अंगात आलं की नाही यावर वाद घालू नका, त्या वेळी त्याचा उपयोग नाही.

दोघींपैकी एकीने त्यांच्या बाजूला, एका हाताच्या अंतरावर बसावं. समोर उभं राहू नये, वाट अडवू नये, विचारल्याशिवाय हात लावू नये. हळू आवाजात नाव घ्या आणि आत्ताचं सांगा : “शांताताई, आपण शाळेच्या वर्गात आहोत. आज मंगळवार, दुपारचे तीन वाजलेत. तो आवाज शटरचा होता.” (नाव उदाहरणादाखल.) तळपाय जमिनीवर दाबायला सांगा. मग दिसणाऱ्या पाच वस्तू मोजायला सांगा : फळा, पंखा, खिडकी. डोळे उघडेच राहू देत, मिटले की तेच दृश्य समोर येतं.

‘दीर्घ श्वास घ्या’ ही सगळ्यांच्या तोंडी बसलेली सूचना इथे उलटते. श्वास आधीच जास्त होतोय, म्हणून तर मुंग्या आणि चक्कर. लांबवायचा तो बाहेर सोडायचा श्वास. तीन आकडे आत, पाच-सहा आकडे बाहेर, गरम चहावर फुंकर मारल्यासारखा. तोंडाला पिशवी लावू नका. बहुतेक वेळा काही मिनिटांत उतार पडतो. छातीत दुखत असेल, शुद्ध हरपली असेल किंवा उतार पडतच नसेल, तर थेट दवाखाना.

दुकानदाराला बैठकीच्या वेळात शटर हळू ओढायला सांगून ठेवा. गणपतीतले ताशे, दिवाळीतले लवंगी फटाके, टायर जळल्याचा वास आणि घटनेची तारीख ही धोक्याची ठिकाणं आधी माहीत असतात. त्याच्या आदल्या बैठकीत तेवढाच विषय घ्या.

प्रश्न : गटातलं गटातच ठेवायचं असं आम्ही शपथेवर ठरवलं. आता एका मुलीने घरातल्याच माणसाबद्दल सांगितलंय. मुलगी पंधरा वर्षांची आहे.

ही शपथ पाळता येणार नाही. मूल १८ वर्षांखालचं असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. आज १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा, पुढची वाट ते सांगतील. त्याआधी मुलीला स्पष्ट सांगा की तुम्ही कळवणार आहात, कोणाला, आणि तिच्याबरोबर कोण असेल. तिच्याकडून तपशील पुन्हा पुन्हा काढू नका, ज्याच्यावर आरोप आहे त्याला जाऊन जाब विचारू नका. तिचं नाव वस्तीत फुटणार नाही याची जबाबदारी तुमची.

यापुढे शपथ नकोच. पहिल्याच दिवशी सांगा : ऐकलेलं बाहेर नेणार नाही, अपवाद दोन. मुलावरचा अत्याचार, आणि कोणाच्या जिवाला धोका.

प्रश्न : दोन्ही समाजांच्या बायकांचा एकत्र गट लगेच केला तर?

लगेच नको. आधी वेगवेगळे बसा, मग नळ, कचरा, शाळेची रिक्षा अशा कामासाठी एकत्र या. हार-तुऱ्यांची सद्भावना सभा घेऊन फोटो निघतात, एवढंच.

प्रश्न : डॉक्टरकडे कधी पाठवायचं? मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून बायका वाटून घेतात.

पहिले काही आठवडे दचकणं, वाईट स्वप्नं, भूक मंदावणं हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणींचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही घराबाहेर पडवत नसेल, काम सुटलं असेल, दारू वाढली असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. नुसता पत्ता हातावर ठेवू नका, पहिल्या खेपेला कोणीतरी बरोबर जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो.

जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक, रॉकेल, गोळ्या दूर करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गोळ्यांचं वाटप ताबडतोब थांबवा. बेन्झोडायझेपाइन जातीच्या (झोपेच्या आणि घबराट कमी करणाऱ्या) गोळ्या आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या त्रासावर देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. सवय लागते, आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो. मात्र रोज घेणारीने एकदम तोडू नये, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्याव्यात.

प्रश्न : देणगीदारांना हजेरीपत्रक आणि फोटो हवेत. शिवाय चौघींपैकी गट चालवणाऱ्या आम्ही दोघी आता थकून गेलोय.

सह्या, आधार क्रमांक, चेहरे, काहीही देऊ नका. तो कागद उद्या कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. ‘अमुक तारीख, ९ जणी, विषय झोप’ एवढी नोंद पुरे. फोटो हवाच तर रिकाम्या वर्गाचा, चहाच्या कपांचा. एवढ्यावर न भागणारा देणगीदार या कामाला उपयोगाचा नाही.

थकव्याचं : तुम्हीही त्याच वस्तीतल्या, त्या रात्री तुम्हीही तिथेच होतात. बैठकीनंतर अर्धा तास दोघींनीच बसा. आज काय जड गेलं, पुढच्या वेळी कोणती गोष्ट दुसरीने घ्यायची, एवढंच बोला. पंधरवड्यातून एकदा बाहेरच्या समुपदेशकाशी तासभर बोलणं ठरवून घ्या, आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात लिहा. आठवड्याला एकीने दोनपेक्षा जास्त गट घेऊ नयेत. रात्री नऊनंतर फोन कोणी घ्यायचा याच्या पाळ्या लावा. आणि चौघींपैकी उरलेल्या दोघींना आत्तापासून बैठकीत बसवा, म्हणजे तुम्हाला महिनाभर सुट्टी घेता येईल.